संपर्काच्या संपर्कालाही विलगीकरण लागते का? गोवराच्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमधील एका सोसायटीत राहणाऱ्या ताईंनी काल, म्हणजे सोमवारी रात्री, लिहिले आहे की त्यांच्या यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या अंगावर रविवारी पुरळ उठले, डॉक्टरांनी गोवराचा संशय व्यक्त केला आणि रक्ताचा नमुना तपासणीसाठी पाठवला आहे. यजमान शुक्रवारपर्यंत रोज त्या सहकाऱ्याबरोबर एकाच टेबलावर डबा खात होते; सोमवारपासून तो सहकारी रजेवर आहे. ताईंच्या घरात सात महिन्यांचे बाळ, गोवराच्या दोन्ही लशी झालेली सहा वर्षांची मुलगी, दीर आणि पाच महिन्यांच्या गरोदर जाऊबाई आहेत. बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि सेक्रेटरींनी फर्मान काढले की या घरातील कोणीही चौदा दिवस बाहेर पडायचे नाही आणि त्यांच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनी संकुलातील दुसऱ्या कोणत्याही घरी जायचे नाही. असा काही नियम आहे का, यजमानांनी वेगळे राहावे का आणि बाळाला आत्ताच लस द्यावी का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे: शनिवारी संध्याकाळी यजमान काही कागदपत्रे द्यायला त्या सहकाऱ्याच्या घरी गेले होते, दहा मिनिटे हॉलमध्ये उभे होते, मुलगी मात्र आतल्या खोलीत झोपली होती, त्यामुळे तिच्याशी संपर्क आलेला नाही.

मी महाराष्ट्रात तालुका आणि पुढे जिल्हा पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचे काम बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे अशा याद्या करणे आणि त्यातील कोणाला घरी थांबवायचे व कोणाला नाही हे ठरवणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. तरीही हे उत्तर तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. यजमानांच्या लसीकरणाची नोंद, जाऊबाईंचे जुने अहवाल आणि मुलीच्या आजाराची खात्री या तीन गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत, आणि उत्तराचा बराचसा भाग त्यांच्यावर अवलंबून आहे.

कारणमीमांसेकडे वळण्याआधी एक काम सांगतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. यजमानांना गोवराच्या लशीच्या दोन मात्रा मिळाल्याची लेखी नोंद हाताशी नसेल, तर त्यांना आज संध्याकाळच्या आत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस मिळेल असे पाहा. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. शनिवारी संध्याकाळपासून मोजले तर ही मुदत आज, मंगळवारी संध्याकाळी संपते. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाला ही लस पुन्हा दिली गेली तरी अपाय होत नाही. रक्ताच्या अहवालासाठी थांबू नका, कारण पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्यात गोवर असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. मोठ्या माणसांसाठी ही लस सहसा खासगी दवाखान्यात मिळते. निघण्यापूर्वी फोन करून ती तिथे शिल्लक असल्याची खात्री करून घ्या. यजमानांना कर्करोगावरील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे काही उपचार चालू असतील, तर मात्र ही लस घेऊ नये आणि थेट डॉक्टरांशी बोलावे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारला आहे तो प्रश्न ‘अप्रत्यक्ष संपर्काला विलगीकरण लागते का’ असा दिसतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. पहिला असा की आजारी माणसाच्या संपर्कात आलेल्या धडधाकट माणसाशी आपला संबंध आला तर आपल्याला धोका आहे का. दुसरा असा की आपण ज्याला अप्रत्यक्ष समजतो तो संपर्क त्या विशिष्ट आजाराच्या दृष्टीने खरोखर अप्रत्यक्ष आहे का. लोक पहिल्या प्रश्नाची चिंता करतात. माझ्या अनुभवात चूक जवळपास नेहमी दुसऱ्यात होते.

पहिल्या प्रश्नाचा पाया साधा आहे. ज्याच्या शरीरात जंतू अजून बाहेर टाकण्याइतका वाढलेलाच नाही, तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला आपण अधिशयन काळ म्हणतो. त्यातील सुरुवातीचे काही दिवस संसर्ग झालेला माणूसही इतरांसाठी निर्धोक असतो आणि अनेक आजारांत शेवटच्या काही तासांत किंवा दिवसांत तो संसर्गजन्य होऊ लागतो. म्हणून विलगीकरणाचा नियम आजारी माणसाच्या थेट संपर्कापाशी थांबतो: थेट संपर्काला वेळेत बाजूला काढले किंवा त्याच्यावर नीट लक्ष ठेवले, तर त्याच्या पलीकडची माणसे आपोआप सुरक्षित राहतात. साखळीचा मधला दुवा धरून ठेवायचा, पुढची सगळी साखळी कुलूपबंद करायची नाही, असा हा हिशेब आहे.

तुमच्या बाबतीत हा हिशेब दिवसांवर मांडून पाहू. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या आधी चार दिवसांपासून ते पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत संसर्ग पसरवतो. मुलीला रविवारी पुरळ उठले, म्हणजे ती साधारण बुधवारपासून संसर्गजन्य होती आणि तिच्या वडिलांना तिच्यापासून लागण झालीच असेल तर ती लवकरात लवकर बुधवारी. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सरासरी चौदा दिवस जातात. सात ते एकवीस दिवसांचा पल्ला धरला जातो. रुग्णाशी पहिला संपर्क आल्यापासून पाचव्या दिवसाच्या आत तो माणूस दुसऱ्याला गोवर देऊ शकत नाही असे धरून आरोग्य यंत्रणा काम करतात, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या कर्मचाऱ्यांना पाचव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत कामापासून दूर ठेवण्याचा जो प्रघात आहे तो यावरूनच आला. शुक्रवार हा बुधवारपासूनचा दुसरा दिवस. तेव्हा डबा एकत्र खाल्ला, चमचा एकमेकांचा वापरला, पाण्याची बाटली एक होती, यातले काहीही झाले असले तरी मुलीकडून वडिलांना आणि त्यांच्याकडून तुमच्या यजमानांना शुक्रवारपर्यंत गोवर येणे शक्य नाही.

या हिशेबात एक फट राहते आणि ती यादी करणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. मुलीला गोवर कोठून आला? तिला तो पाळणाघरात किंवा बालवाडीत लागला असेल तर वरचा हिशेब पक्का. पण दहा-बारा दिवसांपूर्वी सगळे कुटुंब एखाद्या लग्नाला, जत्रेला किंवा गावी गेले असेल आणि तिथे बापलेकीला एकाच वेळी लागण झाली असेल, तर वडील मुलीचे संपर्क राहत नाहीत. ते तिच्याबरोबरचे समांतर रुग्ण ठरतात आणि याच आठवड्यात आजारी पडू शकतात. तेव्हा त्या सहकाऱ्याला आज फोन करून दोनच गोष्टी विचारा: ताप, खोकला, वाहणारे नाक किंवा लाल डोळे यांपैकी काही आहे का, आणि गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्या नात्यागोत्यात किंवा शेजारात कोणाला पुरळ उठले होते का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तर शुक्रवारपर्यंतच्या डब्यांची चिंता सोडून द्या.

शनिवारच्या दहा मिनिटांची चिंता मात्र सोडता येत नाही. कोविडच्या काळात आपल्या सगळ्यांच्या मनात संपर्काची एक व्याख्या बसली, ती म्हणजे समोरासमोर, जवळच्या अंतरावर, पंधरा मिनिटे. ती व्याख्या गोवराला लागू नाही. गोवराचा विषाणू हवेत तरंगतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. संपूर्णपणे प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो असे मानले जाते. त्या मुलीने हॉलमध्ये खेळून आत जाऊन झोपायला तासभर झाला असेल, दार लोटलेले असेल आणि यजमानांनी तिला पाहिलेही नसेल. तरीही शनिवारी, म्हणजे पुरळ उठण्याच्या आदल्या दिवशी, तिच्या घरातील हवेत दहा मिनिटे श्वास घेतलेला माणूस माझ्या यादीत थेट संपर्क म्हणूनच लिहिला जाईल. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात तासाभराच्या फरकाने बसून गेलेली माणसेसुद्धा आम्ही याच कारणाने शोधत असू, आणि आमचे तर मुलाकडे लक्षही गेले नाही, असे ती मंडळी खऱ्या आश्चर्याने सांगत.

म्हणजे तुमचे यजमान थेट संपर्क आहेत आणि तुम्ही, बाळ, मुलगी, दीर व जाऊबाई हे संपर्काचे संपर्क आहात. आता सगळे यजमानांच्या प्रतिकारशक्तीवर येऊन ठेपते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आहे, पण दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या माणसाला लहानपणी सरकारी दवाखान्यात फार तर एक मात्रा मिळाली असणार. नवव्या महिन्यात दिलेली एक मात्रा शंभरांतील साधारण पंच्याऐंशी मुलांना संरक्षण देते. उरलेल्या पंधरांपैकी अनेकांना नंतर खरा गोवर येऊन गेला असेल आणि काहीजण तसेच राहिले असतील. ‘याला लहानपणी गोवर-कांजिण्या सगळे होऊन गेले आहे’ हे सासूबाईंचे सांगणे मी आदराने ऐकतो पण नोंदीत धरत नाही, कारण रुबेला, कांजिण्या आणि साधे विषाणूजन्य पुरळ या सगळ्यांना घरोघरी गोवरच म्हटले जात असे. दोन मात्रांची लेखी नोंद, पूर्वी प्रयोगशाळेत सिद्ध झालेला गोवर किंवा रक्तातील गोवरविरोधी आयजीजी प्रतिपिंडांचा (आधीच्या आजाराने किंवा लशीने शरीरात तयार झालेल्या संरक्षक घटकांचा) सकारात्मक अहवाल, यांपैकी एक तरी हवे.

आयजीजी चाचणी पुष्कळ खासगी प्रयोगशाळांत होते. लस देण्यापूर्वी त्याच भेटीत रक्त देऊन ठेवले तर दोन्ही कामे होतील, मात्र त्या अहवालासाठी लस अडवून ठेवू नये. अहवाल सकारात्मक आला तर यजमानांना ना वेगळे राहण्याची गरज आहे ना घरी थांबण्याची. तीन आठवडे स्वतःवर लक्ष ठेवणे पुरेसे आहे. तो नकारात्मक आला, किंवा चाचणीच झाली नाही आणि नोंदही सापडली नाही, तर परवापासून, म्हणजे शनिवारपासून मोजलेल्या पाचव्या दिवसापासून, एकविसाव्या दिवसापर्यंत त्यांनी बाळापासून आणि जाऊबाईंपासून वेगळे राहावे असे मी सुचवीन. ७२ तासांच्या आत लस मिळाली असेल तर सर्वसाधारण जागी कामावर परतण्यास हरकत नसते, असे बहुतेक ठिकाणचे धोरण आहे; पण घरात लसीच्या वयाचे न झालेले बाळ आणि गरोदर स्त्री असताना मी स्वतः थोडा अधिक सावध राहीन. घरात एकच स्नानगृह असेल आणि वेगळी खोली नसेल, तर त्या दिवसांत यजमानांनी एखाद्या लस झालेल्या किंवा गोवर होऊन गेलेल्या नातेवाइकाकडे राहणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. एकाच छताखाली पडदा लावून हवेतून पसरणारा आजार अडत नाही.

बाळाविषयी तुम्ही विचारलेत. आपल्याकडे शासकीय वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. नऊ महिन्यांची वाट पाहण्याचे कारण असे की त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम दाबून टाकू शकतात. मात्र उद्रेकाच्या काळात सहा महिन्यांनंतरही एक आगाऊ मात्रा देता येते, तिला झिरो डोस म्हणतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गोवराचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा जिथे एकूण रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून अधिक रुग्ण नऊ महिन्यांखालील बालके होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांना ही मात्रा देण्याची सूचना केंद्राने केली होती. तुमच्या बाळाचा आत्तापर्यंत कोणत्याही रुग्णाशी संपर्क आलेला नाही, त्यामुळे त्याला आज धावतपळत लस देण्याची निकड नाही. तुमच्या प्रभागात आणखी रुग्ण आहेत का हे महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात विचारा आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. ही आगाऊ मात्रा दिलीच तर ती हिशेबात धरली जात नाही; नवव्या महिन्यातली आणि पुढची दोन्ही ठरल्याप्रमाणे द्यावीच लागतात. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘आमची झाली आहे’ म्हणून नवव्या महिन्याची मात्रा टाळणारे पालक मी पाहिले आहेत.

जाऊबाईंनी एमएमआर घेऊ नये. ही जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत. त्यांची आयजीजी चाचणी मात्र या निमित्ताने करून घ्यावी. ती सकारात्मक असेल तर या सगळ्या प्रकरणातून त्या बाहेर पडल्या. ती नकारात्मक असेल आणि पुढे कधी रुग्णाशी खरा संपर्क आला, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, देण्याचा विचार त्यांचे डॉक्टर करू शकतात. आज तशी वेळ आलेली नाही. यजमानांना दिलेल्या लशीतील विषाणू त्यांच्यापासून गरोदर स्त्रीला लागतो, अशी एक भीती फिरत असते. एमएमआरच्या बाबतीत घरातल्यांना असा धोका नसतो, तेव्हा त्या कारणाने लस टाळू नका. सहा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत. तिने शाळेत जावे. दीर आणि तुम्ही यांनीही नेहमीप्रमाणे कामावर जावे.

इथे कोणीतरी रास्तपणे विचारील की मग कोविडमध्ये संपर्काच्या संपर्कालाही का बसवले जात होते. काही देशांनी ते खरोखर केले. व्हिएतनामने २०२० मध्ये रुग्णाला एफ-शून्य, त्याच्या थेट संपर्काला एफ-एक, त्याच्या संपर्काला एफ-दोन अशी उतरंड लावली. एफ-एकला सरकारी केंद्रात आणि एफ-दोनला घरी विलगीकरणात ठेवले जाई. त्यामागे तर्क होता. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो, अनेकांना लक्षणेच येत नाहीत आणि रुग्ण सापडून, चाचणी होऊन, यादी तयार होईपर्यंत चार-पाच दिवस सहज जातात. तेवढ्या वेळात थेट संपर्क स्वतः संसर्गजन्य होऊन बसलेला असू शकतो, म्हणजे कागदावरचा संपर्काचा संपर्क प्रत्यक्षात रुग्णाचा थेट संपर्क झालेला असतो. शोध जितका उशिरा लागतो तितके पुढचे वर्तुळ धरावे लागते. भारतात असा दुसरा थर सरसकट कोंडला गेला नाही. आपल्याकडे हाय रिस्क आणि लो रिस्क अशी विभागणी होती आणि लक्षणे नसलेल्या थेट, हाय रिस्क संपर्काची चाचणी मे २०२० पासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा करण्याचे धोरण होते. लोकांच्या स्मरणात मात्र डाव्या हातावरचे शिक्के आणि बांबू बांधलेल्या गल्ल्या राहिल्या, आणि तुमच्या सेक्रेटरींचे चौदा दिवस तिथूनच आलेले दिसतात. गोवराशी त्या चौदाचा संबंध नाही.

आजार बदलला की वर्तुळही बदलते. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा संपर्काच्या मागे धावणे लवकरच निरुपयोगी झाले, कारण फ्लूचा अधिशयन काळ एक ते चार दिवसांचा असतो आणि लक्षणांच्या आदल्या दिवसापासून संसर्ग सुरू होतो. यादी पुरी होईपर्यंत तिसरी पिढी खोकत असते. याउलट केरळात कोझिकोडला २०१८ आणि पुन्हा २०२३ मध्ये निपाह आला तेव्हा संपर्कशोधाला फळ आले, कारण निपाहचा रुग्ण मुख्यतः गंभीर आजारी असताना, सेवा करणाऱ्यांना आणि रुग्णालयातील लोकांना संसर्ग देतो. तिथे थेट संपर्काला एकवीस दिवस निरीक्षणाखाली ठेवले की पलीकडच्या माणसाला भीती उरत नाही. इबोलाचेही तसेच, लक्षणे येईपर्यंत इबोलाचा संपर्क कोणालाही आजार देत नाही. तरीही २०१५ मध्ये गिनीत लशीची चाचणी झाली तेव्हा रुग्णाभोवतीच्या संपर्कांना आणि त्या संपर्कांच्या संपर्कांनाही लस दिली गेली. म्हणजे दुसऱ्या वर्तुळाला महत्त्व नाही असे नाही. त्याला लस, माहिती आणि लक्ष द्यायचे असते, कुलूप नाही, आणि गोवरातही मी तेच करीन: त्या सहकाऱ्याच्या इमारतीत आणि बालवाडीत कोणाच्या मात्रा राहिल्या आहेत ते शोधून त्या पूर्ण करून घेणे, हे चौदा दिवसांच्या कोणत्याही बंदीपेक्षा मोठे काम आहे.

आता सोसायटीविषयी. विलगीकरणाचा आदेश देण्याचा अधिकार साथरोग कायद्याखाली शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे असतो, सोसायटीच्या कार्यकारिणीकडे नाही. सेक्रेटरी विनंती करू शकतात आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवू शकतात, किंबहुना कळवावे. पण कोणाला दारात अडवू शकत नाहीत. माझी सूचना अशी की वाद घालण्यापेक्षा तुम्हीच प्रभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा, शनिवारचा संपर्क सांगा आणि ‘घरातील इतरांना बंधन नाही’ एवढे त्यांच्याकडून ग्रुपवर टाकता येईल अशा शब्दांत लिहून मागा. अधिकृत ओळीपुढे बहुतेक सेक्रेटरी शांत होतात.

अनावश्यक बंदीमुळे कोणाचे काय बिघडते, असेही विचारले जाते. बिघडते. साथरोगाचे सगळे काम लोक खरी नावे सांगतील या भरवशावर चालते. आपण वीस नावे सांगितली तर वीस घरांना कुलूप लागेल हे माहीत असलेला माणूस दोन नावे सांगतो, आणि नेमके तिसरे नाव आपल्याला हवे असते. पुण्यात हे फार पूर्वी घडून गेले आहे: १८९७ च्या प्लेगात, त्याच वर्षीच्या नव्या साथरोग कायद्याच्या आधाराने, घरे तपासून रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही छावण्यांत नेले जाऊ लागले तेव्हा लोक आजारी माणूस आणि प्रेतही दडवू लागले. प्लेग कसा पसरतो हे तेव्हा माहीत नव्हते; तो पिसवांमुळे पसरतो याचा पुरावा फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमोंला मिळायला १८९८ उजाडावे लागले. पसरण्याचा मार्ग माहीत नसताना केलेल्या सक्तीला निदान अज्ञानाची सबब होती. गोवराचा मार्ग आपल्याला माहीत आहे.

तुमच्याकडच्या मावशींचे काय, तर त्या साखळीतील आणखी एक पायरी दूर आहेत आणि त्यांना कोणतेही बंधन नको. त्यांचे चार घरांचे काम चौदा दिवस बुडाले तर पगार कोण देणार, हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या घरी पाच वर्षांखालील मुले किंवा नातवंडे असतील तर त्यांच्या गोवराच्या मात्रा झाल्या आहेत का एवढे मात्र विचारा, आणि राहिल्या असतील तर महापालिकेच्या दवाखान्यात त्या मोफत मिळतात हे सांगा.

पुढच्या तीन आठवड्यांत यजमानांना ताप आला, तर पुरळाची वाट पाहू नका. गोवर सुरुवातीला साध्या सर्दी-तापासारखाच दिसतो. नाक वाहते, खोकला येतो, डोळे लाल होतात आणि दोन-चार दिवसांनी कानामागून व चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरू लागते, आणि त्या पुरळाआधीच्या दिवसांतच माणूस सर्वाधिक फिरतो. ताप दिसताच त्यांनी खोलीत वेगळे राहावे, बाळाला आणि जाऊबाईंना त्याच दिवशी दुसऱ्या घरी हलवावे आणि डॉक्टरांना आधी फोन करून ‘गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला होता’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते दवाखान्याची वेळ संपल्यावर किंवा वेगळ्या दाराने बोलावतील आणि प्रतीक्षागृहातील दुसऱ्या कोणाचे बाळ यादीत येणार नाही. त्या वेळी तुम्ही सगळे थेट संपर्क व्हाल आणि वरचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागेल: बाळासाठी ७२ तासांची लस किंवा सहा दिवसांच्या आतले इम्युनोग्लोब्युलिन, जाऊबाईंसाठी आयजीजी नकारात्मक असल्यास इम्युनोग्लोब्युलिन, आणि ते मिळाले तर निरीक्षणाचे दिवस एकवीसऐवजी अठ्ठावीस. तशी वेळ आली तर तापाचा पहिला दिवस नेमका कोणता होता ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर आणि आरोग्य विभाग दोघेही पहिल्यांदा तीच तारीख विचारतील.